पंगतीत कोण जेवले नाही : नरलांडग्यांच्या एका श्राव्यमालिकेचे परीक्षण

यंदाच्या रब्बीत गव्हाला पाणी भरण्याची आमची पाळी बहुतेक रात्रीचीच आली. साक्री तालुक्यात, पांझरेपासून फार लांब नसलेल्या आमच्या शिवारात वीज रात्री आली, की मोटार सुरू करून दारे धरायला उठावेच लागते. एक वाफा भरायला दहा-बारा मिनिटे लागतात, आणि श्राव्यकथांच्या ज्या ॲपविषयी मी लिहीत आहे त्यावरचा एक भागही साधारण तेवढाच असतो. पुतणीने ते ॲप मोबाईलमध्ये घालून दिले आणि ‘काका, भुताखेतांचं लावू का?’ असे विचारून, माझ्या उत्तराची वाट न पाहता, नरलांडग्यांची एक रहस्यमालिका लावून दिली. मी अडतीस वर्षे मराठी शिकवले आहे. असल्या मालिकेचे शंभरावर भाग, तेही पैसे मोजून, ऐकेन असे मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

ॲपचे आणि मालिकेचे नाव मी देत नाही. पैशांबाबत माझी जी तक्रार आहे ती पुढे येईलच, पण तिच्यासाठी कोणाला चव्हाट्यावर आणावे एवढी ती मोठी नाही. शिवाय या प्रकारच्या मालिका आज एकमेकींसारख्याच निघतात. ज्याने दोन ऐकल्या असतील त्याला तिसरीची बरीचशी पात्रे ओळखीची वाटतील. मात्र एक पूर्वसूचना देतो. रहस्य फोडल्याशिवाय या मालिकेचे परीक्षण करता येणार नाही, त्यामुळे ज्यांना शेवट स्वतः ऐकायचा आहे त्यांनी येथेच थांबावे.

प्रथम शब्दांविषयी. लांडग्याचे रूप घेणाऱ्या माणसासाठी मालिका ‘वेअरवुल्फ’ हाच शब्द वापरते. मी ‘नरलांडगा’ म्हणतो, कारण नरसिंह चालत असेल तर नरलांडगा का चालू नये? (पुतणीचा प्रश्न : मग बाईला काय म्हणायचे? येथील ‘नर’ म्हणजे माणूस, असे मी तिला सांगितले. तिचे समाधान झाले नाही.) कळपाच्या बाबतीत मात्र अनुवादकाचा गोंधळ अखेरपर्यंत मिटत नाही. पहिल्या दहा भागांत ‘टोळी’, मग ‘कळप’, मध्येच हिंदीतून आलेली ‘झुंड’, आणि शेवटी कंटाळून ‘पॅक’. हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. मराठीत कळप म्हटले की मान खाली घालून चालणारी मेंढरे डोळ्यांसमोर येतात, आणि टोळी म्हटले की दरोडेखोर. पहिल्यात निष्ठा आहे पण धाक नाही. दुसरीत धाक आहे पण निष्ठेविषयी शंका आहे. मालिकेची सगळी गोष्ट नेमकी या दोन शब्दांच्या मधल्या जागेत घडते, त्यामुळे अनुवादकाला एक शब्द सापडला नाही याबद्दल मी त्याला फारसा दोष देत नाही.

कथानक असे. बर्फाळ प्रदेशातील एका डोंगरी गावात, लाकडाच्या वखारीच्या आधाराने चौदा नरलांडगे माणसांत माणसासारखे राहतात. त्यांचा म्हातारा प्रमुख एका सकाळी वखारीमागे मेलेला सापडतो. अंगात चांदीचा तुकडा रुतलेला. त्याची मुलगी, जी दहा वर्षांपूर्वी सर्वांशी भांडून शहरात गेली आणि गुरांची डॉक्टर झाली, अंत्यविधीला परत येते. त्यानंतर दर अमावास्येला, म्हणजे रूप पालटण्याची ताकद सर्वांत क्षीण असते त्या रात्री, आणखी एकेक बळी जातो. मारेकरी आतला आहे हे उघड असते. प्रश्न दोन : मारतो कोण, आणि प्रमुख होणार कोण? मालिकेचे यश हे, की हे दोन प्रश्न हळूहळू एकच होतात.

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते विषयाचेच आहे. जुन्या गोष्टींतला नरलांडगा बहुधा एकटा असतो. रोमन कवी ओव्हिडने सांगितलेला ग्रीसमधील आर्केडियाचा राजा लायकेऑन देवापुढे नरमांस वाढतो आणि शिक्षा म्हणून लांडगा होतो. पहिल्या शतकातील रोमन लेखक पेट्रोनियस याच्या गोष्टीत एक सैनिक चांदण्यात थडग्यांपाशी कपडे काढून लांडगा होतो आणि रानात पळतो. दोघांनाही कळप नाही, प्रमुख नाही, उपप्रमुख नाही. ही सगळी उतरंड, हा प्रमुख ‘अल्फा’, त्याच्याखालचा ‘बीटा’ आणि सर्वांचा मार खाणारा ‘ओमेगा’, अलीकडच्या अद्भुत-रहस्यकथेने आणली, आणि तीही लोककथेतून नव्हे तर प्राणिशास्त्रातून. रुडोल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवर केलेले निरीक्षण 1947 साली प्रसिद्ध झाले. एकत्र कोंडलेल्या लांडग्यांत वर्चस्वासाठी कशी झोंबाझोंबी चालते हे त्यांनी टिपले होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या पुस्तकामुळे ‘अल्फा’ हा शब्द घरोघरी गेला. पुढे त्याच मीच यांनी कॅनडातील एल्झमीर बेटावर मोकळ्या लांडग्यांना अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि 1999 साली स्वच्छ लिहिले, की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले. तेथे कोणी लढून प्रमुख होत नाही, पिल्ले झाली की आपोआप होतो. स्वतःचे जुने पुस्तक छापणे थांबवा, अशी विनंती ते प्रकाशकाला वर्षानुवर्षे करत राहिले. शास्त्रज्ञाने शब्द मागे घेतला. कादंबरीकारांनी मात्र तो घट्ट धरून ठेवला आहे.

या मालिकेच्या लेखकाने हे वाचले होते की नाही, मला ठाऊक नाही. पण त्याच्या हातून, जाणता की अजाणता, एक नेमकी गोष्ट झाली आहे. त्याच्या कळपातील चौदांपैकी बाप-लेक, बहीण-भाऊ असे फार थोडे आहेत. बाकीचे कोठे ना कोठे चावा बसून नरलांडगे झालेले आणि आसऱ्यासाठी एकत्र आलेले परके आहेत. म्हणजे हा रानातला कळप नव्हेच, हा पिंजऱ्यातला कळप आहे. परक्यांना एका वखारीत कोंडले की ते शेंकेलच्या लांडग्यांसारखीच भांडणार. म्हाताऱ्या प्रमुखाने बापाच्या मायेने त्यांना धरून ठेवले होते, आणि तो जाताच बापाची जागा रिकामी होऊन फक्त गादीची जागा उरते. हा बदल दहाव्या ते पंधराव्या भागात फार चांगला उतरला आहे. कोणी मोठ्याने काही बोलत नाही. फक्त म्हाताऱ्याची खुर्ची रोज सकाळी थोडी सरकलेली असते.

मालिकेतील सर्वांत मोठी खोट ‘अल्फाचा हुकूम’ ही. प्रमुखाने विशिष्ट आवाजात आज्ञा केली की कळपातील कोणालाही ती मोडता येत नाही, शरीरच ऐकत नाही, अशी ही कल्पना या प्रकारात सर्रास आढळते. प्रणयकथेत ती एक वेळ खपून जाते. रहस्यकथेत ती आत्मघातकी आहे. हंगामी प्रमुख झालेल्या उपप्रमुखाने सर्वांना ओळीत उभे करून ‘खून कोणी केला ते बोल’ असा हुकूम सोडला, की दोन मिनिटांत गोष्ट संपते. पंधरा ते चाळीस या भागांत हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. मी वाफ्यावर उभा राहून एकटाच ‘अरे, विचार की त्यांना’ असे पुटपुटलो आहे. आणि हुकुमाने मिळणारी निष्ठा ही निष्ठा तरी कशी म्हणावी? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराची किंमत दोरीने बांधलेल्या बैलाच्या सोबतीएवढीच. मोगलीच्या गोष्टीतील लांडग्यांचा प्रमुख अकेला आठवावा : त्याची शिकार हुकताच कळप त्याच्यावर उलटतो. प्रमुखपद रोज सिद्ध करावे लागते, तेथेच भीती आहे आणि तेथेच गोष्ट आहे.

लेखकालाही हे उशिरा का होईना उमगले असावे, कारण एकेचाळिसाव्या भागात तो हुकूम सोडला जातो आणि कोणीच काही बोलत नाही. हंगामी प्रमुखाला कळपाने मनातून मानलेलेच नाही, म्हणून त्याचा आवाज नुसता आवाज ठरतो. पार्श्वसंगीत पूर्ण थांबते, वखारीतल्या शेकोटीत एक लाकूड तडकल्याचे ऐकू येते, आणि मग कोणीतरी खोकतो. मी त्या वेळी दांड फोडायला विसरलो, आणि पाणी शेजारच्या हरभऱ्यात गेले.

पण ज्या भागासाठी ही मालिका ऐकावी तो पुढेच आहे. दुसऱ्या खुनानंतर कळप शिकार करतो आणि सर्वजण एकत्र खायला बसतात. मारलेल्या हरणाचे पहिले तोंड प्रमुखाचे, मग म्हाताऱ्यांचे, मग बाकीच्यांचे असा त्यांचा दंडक. शंभरएक वर्षांची, डोळ्यांनी अधू झालेली एक लांडगीण सर्वांच्या तोंडांचा वास घेत पंगतीतून फिरते, आणि एका ठिकाणी थांबते. त्या तोंडाला रक्ताचा वास नाही. नायिकेच्या भावाने घास घेतलेला नाही. म्हातारी एवढेच म्हणते, ‘हा जेवला नाही.’ सगळ्या माना एकाच वेळी वळतात. निवेदिकेने हे वाक्य अगदी सपाट, वाटाण्यांच्या शेंगा सोलता सोलता बोलावे तसे म्हटले आहे, आणि त्यामुळेच अंगावर काटा येतो.

खानदेशातील श्रोत्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. श्रावणात आमची देवी कानबाई बसते तेव्हा भाऊबंदकी एकत्र येते, आणि कानबाईचे रोट भाऊबंदांतच खाल्ले जातात, बाहेर दिले जात नाहीत. आमच्या घरी ते पौर्णिमेच्या आत संपवण्याचा दंडक आहे. वर्षभर बांधावरून कोर्टात भांडणारे दोन चुलतभाऊ त्या दिवशी एका ताटाजवळ बसलेले मी पाहिले आहेत, आणि एका वर्षी एक चुलता आला नाही तेव्हा कोणी काही न बोलता सर्वांना सर्व कळलेलेही पाहिले आहे. निष्ठा घोषणेतून कळत नाही, पंगतीतल्या रिकाम्या जागेवरून कळते. लायकेऑनची गोष्टही मुळात वाढलेल्या ताटाचीच आहे, आणि पेट्रोनियसची सांगितली जाते तीही एका मेजवानीत. मालिकेचा लेखक नकळत एका फार जुन्या ओळीत जाऊन बसला आहे.

त्यानंतरचे आठ-दहा भाग मला सर्वांत जड गेले. न जेवलेल्या भावावर संशय, मग वखारीतील बैठक, मग कळपाबाहेर काढण्याचा निर्णय. त्याच्याशी कोणी बोलायचे नाही, त्याच्या चुलीवरचे कोणी खायचे नाही, त्याच्या मुलीशी कोणी खेळायचे नाही. हे सारे बर्फातल्या लांडग्यांविषयी चालले होते, पण ऐकताना बर्फ केव्हाच विरघळला होता. आपल्या राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 साली कायदा करावा लागला आणि तो 2017 पासून अमलात आला. जात पंचायतींनी काय केले होते म्हणून करावा लागला, हे वेगळे सांगायला नको. बैठकीत कळपातील एक साधी बाई विचारते, ‘तो जेवला नाही एवढंच ना? का जेवला नाही, हे कोणी विचारलं का?’ तिला गप्प बसवले जाते. भाऊ बापाच्या सुतकात उपवास करत होता, हे आपल्याला बऱ्याच उशिरा कळते.

आणि मारेकरी कोण? जो पंगतीत सर्वांत पोटभर जेवला तो. म्हाताऱ्या प्रमुखाचा जुना सोबती, कळपाचे नियम तोंडपाठ असलेला, कोणी परका शब्द बोलला तरी गुरगुरणारा. म्हाताऱ्याने मरण्यापूर्वी कळप माणसांसमोर उघड करण्याचे ठरवले होते. सोबत्याच्या मते तो स्वतःच घालून दिलेल्या कायद्याशी बेइमान झाला होता. म्हणून त्याने प्रमुखाला मारले, आणि ज्यांना ज्यांना तो बेत माहीत होता त्यांनाही. फितूर शोधत निघालेल्या गोष्टीच्या शेवटी हाती लागतो तो कळपातील सर्वांत निष्ठावान प्राणी. निष्ठा माणसाशी की नियमाशी, हा पेच इतक्या नेटकेपणाने मांडलेला मी या प्रकारात तरी दुसरीकडे ऐकलेला नाही. शेवटचा कबुलीजबाब दोन भाग चालतो, तो एका भागात आवरला असता.

मूळ कथा इंग्रजीत असावी असे वाक्यरचनेवरून वाटते, आणि अनेक ठिकाणी अनुवाद दगडासारखा पडतो. ‘त्याने आपला श्वास सोडला जो तो धरून आहे हे त्याला माहीत नव्हते’ अशी वाक्ये ऐकून शिक्षकाचा लाल पेन हातात येतो. पण एका बाबतीत मराठी अनुवादाने मुळावर मात केली असणार. उपप्रमुख म्हाताऱ्याच्या मुलीला सुरुवातीपासून ‘अहो’ म्हणतो, कारण ती मालकाची लेक. तो हंगामी प्रमुख झाल्यावर तिसऱ्याच वाक्यात म्हणतो, ‘तू यात पडू नकोस.’ एवढेच. इंग्रजीत हा बदल दाखवायला अर्धे पान लागले असते. पुढे सत्ता हातची जाते तेव्हा तो तिला काहीच संबोधत नाही, वाक्ये अशी फिरवतो की ‘तू’ही नको आणि ‘तुम्ही’ही नको. आपल्याकडे सासरी नव्याने गेलेला जावई असाच बोलतो. ज्याने हे भाषांतर केले त्याचे नाव ॲपवर कोठेही नाही, आणि ते असायला हवे होते.

प्रेमकथेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ‘नियतीने ठरवलेला जोडीदार’ वासावरून ओळखण्याचे प्रकरण आहेच, आणि ते सुमारे वीस भाग खाते. हे भाग सोडून दिले तरी रहस्याचा धागा तुटत नाही. मी त्या वेळात बांधावरचे गवत काढले.

एक रात्र मात्र सांगितली पाहिजे. आमच्या मोकळ्या वावरात दरवर्षी ठेलारी मेंढपाळांचा वाडा बसतो. मेंढ्यांचे खत जमिनीला मिळते आणि त्यांना धान्य. त्यांच्यातील एक वयस्क गृहस्थ शेकोटीजवळ बसून माझ्यासोबत दोन भाग ऐकत राहिले, आणि मग म्हणाले, ‘लांडगा इतलं बोलस का भाऊ?’ त्यांनी पाहिलेला लांडगा दोघा-तिघांनी येतो, एक जण कुत्र्यांना दिसेल असा पुढे पळतो, कुत्री त्याच्यामागे गेली की दुसरा उलट बाजूने कोकरू उचलतो. पुढे पळणाऱ्याला स्वतःचा जीव धोक्यात घालावा लागतो आणि कोकरू त्याच्या तोंडी नसते. त्याला हिस्सा मिळतो हे कशावरून, असे मी विचारले. ते म्हणाले, मिळत नसता तर तो दुसऱ्या रात्री पळाला असता का? शंभर भागांत लेखकाला नेतृत्वाविषयी जे सांगायचे होते त्यातले अर्धे येथे आले. आपल्याकडच्या या लांडग्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, माळराने मात्र नांगराखाली जात आहेत, आणि कोकरू गेलेल्या माणसाला अनुसूचीचे कौतुक सांगणे मला जमले नाही.

आता सेवेविषयी. मुख्य निवेदिकेचा आवाज उत्तम आहे; ती ओरडत नाही, आणि ‘ळ’ स्वच्छ उच्चारते, हे आता दुर्मीळ होत चालले आहे. पुरुष पात्रांसाठी वापरलेला खर्जातला आवाज मात्र एकच आहे, त्यामुळे बैठकीच्या प्रसंगांत कोण बोलतो आहे ते कळत नाही. ओरडण्याचा ध्वनी लांडग्याचा नसून बहुधा कोल्ह्याचा आहे. आमच्या कुत्र्याने त्याला जे उत्तर दिले त्यावरून मी हे म्हणतो. प्रत्येक भागाची पहिली दीड-दोन मिनिटे ‘मागील भागात’ मध्ये जातात. दिवसाला एक भाग फुकट, त्यापुढे नाणी विकत घ्यायची, असा व्यवहार आहे, आणि भाग नेमका दार उघडण्याच्या क्षणी थांबतो, त्यामुळे रात्री दोन वाजता मनुष्य नाणी घेतोच. माझी तक्रार अशी, की मी महिन्याची वर्गणी बंद केल्यावरही पुढच्या महिन्याचे पैसे खात्यातून आपोआप कापले गेले. मराठीत लिहिलेल्या तक्रारीला इंग्रजीत उत्तर आले, आणि पैसे परत मिळायला तीन आठवडे व पुतणीचे दोन फोन लागले. ज्यांना घ्यायची असेल त्यांनी आपोआप वर्गणी कापण्याची परवानगी पहिल्याच दिवशी बंद करावी आणि फुकटच्या भागांवर पंधरापर्यंत जाऊन पाहावे; तोपर्यंत सरकणाऱ्या खुर्चीने पकडले नाही, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. हुकुमाचा घोळ आणि वासाचे वीस भाग नसते तर साडेचार दिले असते.

दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग फुकट आहे आणि तो मी ऐकला. नायिका आता प्रमुख झाली आहे, भाऊ परत आला आहे पण वेगळी चूल मांडून आहे, आणि जुना उपप्रमुख तिला अचानक पुन्हा ‘अहो’ म्हणू लागला आहे. अनुवादक बदलला, की त्याच्या मनात काही शिजते आहे, हे दुसऱ्या भागात कळेल. त्याला नऊ नाणी पडतात.